उघड्या गुडघ्यांचा शनिवार

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचा किल्ट, म्हणजे कमरेचा तो चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, पुढून घट्ट धरून ठेवला होता. हात सोडला असता तर अर्ध्या ओबन बंदराला नको ते दर्शन घडलं असतं. खरं म्हणजे ते घडून गेलंच होतं, पण इशबेलला हे नंतर कळलं.

"एक वाजता लग्न आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"तुमचं?"

"छे हो. आपलं कोण करतंय... मी वाजवायला जातोय. बॅगपाइप."

इशबेलनं घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी. बाहेर झिमझिम चालू होती, नेहमीसारखीच, आणि त्याच्या खांद्यांवरून पाणी ओघळून फरशीवर तळं साचत होतं. पाच वर्षं ती मिसेस मॅकफेलच्या या दुकानात किल्ट शिवत होती. आठ वार लोकर, कमरेला घातलेल्या पंचवीस-सव्वीस निऱ्या, सगळं हातानं. गिऱ्हाईक घाईत आलं म्हणून तिनं कधी सुई पळवली नव्हती. पण या गिऱ्हाइकाच्या भुवयांवर पाण्याचे थेंब होते, त्यातला एक नाकावर घसरत होता, आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे बिचाऱ्याला तो पुसता येत नव्हता. हसू दाबून तिनं पडद्याकडे बोट केलं, म्हणाली, काढा आणि द्या.

पडद्याआडून किल्ट आला. इस्त्रीच्या टेबलावरची पांढरी चादर आत गेली. थोड्या वेळानं ती चादर कमरेला गुंडाळून तो बाहेर आला, स्टुलावर बसला आणि आपलं नाव डूगल असल्याचं त्यानं सांगितलं. चादरीत बसलेल्या माणसानं इतक्या ऐटीत नाव सांगितलेलं इशबेलनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं किल्ट टेबलावर पसरला. किल्टला पुढे दोन पदर असतात, एकावर एक. वरच्या पदराला खाली कोपऱ्याशी एक मोठी पिन लावतात, ती फक्त वजनासाठी. ती दोन्ही पदरांतून घालायची नसते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र दोन्ही पदर त्याच जागी टरकले होते, आणि भोकं एकाखाली एक होती.

"पिन दोन्हीतून घातलीत?"

डूगलनं चादरीच्या काठाकडे पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो लग्नांना मोटरसायकलवरून जायचा, किल्ट घालून, पाठीला बॅगपाइपची पेटी बांधून. कॉनेलच्या पुलावर वारा असा घुसायचा की पुढचा पदर थेट हनुवटीला लागायचा. मागच्या शनिवारी शेजारून म्हाताऱ्यांच्या सहलीची बस चालली होती आणि त्यातल्या बायकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून आज त्यानं अक्कल चालवली आणि मोटरसायकलवर बसल्यावर दोन्ही पदर पिनेनं जखडून टाकले. वाऱ्याचा बंदोबस्त झाला. पण बंदरावर एक आजीबाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडू लागल्या, यानं ब्रेक दाबला, पाय जमिनीला टेकवायला गेला, आणि... पाय फाकेचना.

"मग?"

"मग काय. मोटरसायकल, मी आणि बॅगपाइप, तिघंही डावीकडे. सावकाश. बोटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या समोर." तो हसत होता. "कुत्र्यानं येऊन तोंड चाटलं."

इशबेलनंही ओठ चावला, पण हसू सुटलंच. सुटलं ते त्याच्याकडे पाहत, आणि मग पटकन खाली बघावं लागलं, कारण चादरीतून बाहेर आलेला त्याचा गुडघा चांगलाच सोलवटला होता. त्यात वाळूचे कण रुतले होते. तिनं कोमट पाण्यात भिजवलेला फडका त्याच्या हातात दिला. त्यानं तो गुडघ्यावर टेकवला मात्र, डोळे घट्ट मिटले.

"दुखतंय?"

"नाही. डोळे मिटले की तुमची सुई ऐकू येते."

सुई ऐकू येत नसते. हे दोघांनाही माहीत होतं.

चाळीस मिनिटांत तिनं पदर सांधले. चौकडीची रेघ रेघेला जुळवली, पाठीमागून बारीक टाके घातले. त्यानं किल्ट चढवला, पिन फक्त वरच्या पदराला लावली आणि तिच्याकडे पाहून परीक्षेला बसलेल्या मुलासारखी भुवई उडवली. मग पैसे ठेवले आणि निघून गेला. खिडकीतून तिला दिसलं की त्याचे दोन्ही गुडघे उघडे होते, हातात मोजे नव्हते, आणि पायांत नाचाचे बूट होते, ज्यांच्या लांब नाड्या पोटरीला वेढे घेत गिअरच्या दांडीशेजारी लोंबत होत्या.

त्या दिवशी दुपारी तिनं सात टाके उसवले आणि पुन्हा घातले.

पुढच्या आठवड्यात तो धुरी दिलेला हॅडक मासा घेऊन आभार मानायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात किल्टच्या काठाला गोल तपकिरी डाग घेऊन आला; सायलेन्सरनं कापड भाजलं होतं. पोटरीही भाजली होती, पण पोटरीचं शिवणकाम तुमच्याकडे होतं का, हे विचारायला धीर झाला नाही, असं म्हणाला. त्यानंतर मात्र तो विनाकारणच येऊ लागला. मिसेस मॅकफेल सत्तरीला टेकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, पण डोळ्यांत तेल. एका गुरुवारी त्या इस्त्री खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, या माणसाचा किल्ट फाटत नाहीये, आणि तरी हा येतोय. तुला काही कळतंय का?"

इशबेलनं 'नाही' म्हणून मान हलवली. कळत होतं, चांगलं कळत होतं. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की शनिवार आला की आपण सारखं घड्याळ का बघतो. तो दुकानात असेपर्यंत सगळं छान असायचं. तो बोलायचा, ती टाके घालायची. पण तो त्या उघड्या गुडघ्यांनी मोटरसायकलवर बसला रे बसला, की तिच्या जिवाला घोर लागायचा. किल्ट शिवणारीचा हात शांत लागतो. हिचा हात शुक्रवार दुपारपासूनच बिथरायचा.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तो आला तो सरळ येऊन पाठमोरा उभा राहिला. "जरा मागून बघ ना," तो म्हणाला. तोपर्यंत दोघं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली होती.

डाव्या बाजूच्या चार निऱ्या घासून गेल्या होत्या. फाटल्या नव्हत्या, घासून गेल्या होत्या. एकावर एक असलेले तीन-तीन थर आणि त्यातले दोन नाहीसे. तिसऱ्याचे नुसते धागे उरलेले. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी गजांची जाळी असते, तिच्यावर पाऊस पडला होता, आणि चाक घसरलं. डूगल मजेत सांगत होता. मेंढ्या कशा बघत होत्या, आपण कसे बसल्या बसल्या घसरत गेलो, सिंहासनावर बसल्यासारखे. इशबेलनं निऱ्यांच्या आत हात घातला. तिसरा थर आणि त्याची कातडी, यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"अजून एक हातभर घसरला असतास तर?"

"नाही ना घसरलो."

"मी विचारतेय, घसरला असतास तर?"

तिचा आवाज चिरकला. डूगलचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिनं त्याला चादर देऊन किल्ट काढून घेतला, घडी करून फडताळात ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, की सोमवारी मोटरसायकलचे कपडे विकणाऱ्या जीनच्या दुकानात जायचं. तिथं अंगावर नीट कपडे घ्यायचे, मी स्वतः बघणार, आणि तोवर या किल्टला मी सुई लावणार नाही. येत्या शनिवारी त्याला तीन लग्नांत वाजवायचं होतं. दुसरा किल्ट नव्हता. घोडं तिथंच अडलं, आणि तो कबूल झाला.

जीनचं दुकान रेल्वे स्टेशनच्या मागे होतं. जीन साठीची, रुंद खांद्यांची. तरुणपणी शर्यतीत मोटरसायकल पळवायची आणि दोन्ही मनगटं दोनदा मोडून घेतलेली. तिनं डूगलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की लेका, तू मोटरसायकल चालवतोस की हवा खातोस?

सगळ्यात सोपा मार्ग जीननं आधीच सांगितला. जाड चामड्याची पँट घाल, किल्ट गुंडाळी करून बायकांच्या लांब पायमोज्यात सारून पेटीत ठेव, सगळे पायपर, म्हणजे बॅगपाइपवाले, तसंच नेतात, नि चर्चमध्ये जाऊन बदल. डूगलनं तेही करून पाहिलं होतं. डोंगरातल्या चर्चना बदलायला खोली कुठली असायला? एकदा दगडी कुंपणामागे बदलत होता तर कुंपणापलीकडे नवरीचे वडील सिगारेट ओढत उभे. आणि खरी गोष्ट दुसरीच होती. ती त्यानं जरा लाजत सांगितली... लोक त्याला बोलावतात तेच त्या येण्यासाठी. लांबून मोटरसायकलचा आवाज यावा, वळणावर किल्ट दिसावा, पाहुणे बाहेर धावावेत, फोटो काढावेत. वाजवणारे त्याच्याहून चांगले पुष्कळ होते. असा येणारा एकटाच होता.

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड," जीन म्हणाली.

इशबेल एकेक कपडा उलटा करून बघत होती. चामड्याचं एक झकपक जाकीट डूगलला आवडलं होतं, मागे लाल पट्टा वगैरे. तिनं बाही उलटली, शिवण दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणली आणि परत ठेवलं. एकेरी शिवण होती, पडलास तर चामडं टिकेल पण बाही सुटेल, असं तिचं म्हणणं. जीननं तिच्याकडे नव्या आदरानं पाहिलं. मग रस्त्यावर घसरल्यावर कापडाचं काय होतं ते दाखवायला तिनं मागच्या खोलीतलं घासपट्टीचं यंत्र सुरू केलं. फिरत्या पट्टीवर आधी डेनिम कापडाचा तुकडा दाबला. तोंडातून एक निघायच्या आत भोक. मग इशबेलनं आणलेला किल्टचा तुकडा. लोकर बरी टिकली, पण तीन म्हणेपर्यंत तिचाही भुगा झाला. शेवटी काळं, जाड विणीचं कापड, बंदुकीच्या गोळीपासून वाचवणाऱ्या जाकिटात असतं त्या धाग्याचं. इशबेल मोजत राहिली. अकरा, बारा, तेरा. कापड नुसतं तापलं.

"हे," ती म्हणाली.

त्या कापडाची अंगाला चिकटून बसणारी विजार होती, किल्टखाली घालता येईल अशी, गुडघ्यांना आणि कमरेच्या हाडांना कडक गाद्या बसवलेली. डूगलनं ती हातात धरली आणि त्याचा चेहरा पडला.

"आता काय?" इशबेलनं विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "अगं... लग्नात व्हिस्कीचे दोन घोट पोटात गेले की प्रत्येक नवरीची एक तरी मावशी असते, जिला किल्टखाली काय आहे ते बघायचंच असतं. आजवर मी अब्रू राखून पळ काढलाय. पण हे दिसलं तर... सगळा तालुका म्हणेल, या पायपरच्या चड्डीला गुडघे आहेत."

जीन काउंटरवर डोकं टेकवून हसली. इशबेल हसली नाही. तिनं विजारीच्या बाजूची शिवण पाहिली, बोटानं मापली आणि म्हणाली, की मी दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत चेन बसवून देते. बूट न काढता निघेल. चर्चच्या फाटकाशी उतर, दोन चेन ओढ, पेटीत टाक. पण फाटकाशी म्हणजे फाटकाशीच. मैलभर आधी नाही.

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर मला तुझी वाट बघायला सांगू नकोस."

हे बोलून गेल्यावर तिलाच घाम फुटला. वाट बघायला त्यानं सांगितलं होतं कधी? डूगल तिच्याकडे बघत राहिला. यंत्र अजून घरघरत होतं आणि ते बंद करायचं जीनलाही सुचलं नाही.

"बघतेस... माझी वाट?" त्यानं हळूच विचारलं.

इशबेलनं हातमोज्यांच्या ढिगात हात घातला आणि त्याच्या मापाचे शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. सापडले तेव्हा ते दोन्ही डाव्या हाताचे निघाले.

शेवटी घेतलं ते असं: ती विजार, दुहेरी शिवणीचं साधं काळं जाकीट, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि तळव्याला दुप्पट चामडं असलेले हातमोजे, कारण माणूस पडताना आधी हात टेकतो. नाचाचे बूट पेटीत गेले. किल्टवर पुढे लटकणारी कातडी पिशवीही पेटीत गेली, कारण ती पेट्रोलच्या टाकीवर आपटून पोटात घुसत होती. इशबेलनं दोन रात्री घालवून चेन बसवल्या आणि घासलेल्या चार निऱ्यांच्या जागी नवं कापड घातलं. शनिवारी तो दुकानासमोरून गेला. ऐट थोडी कमी झाली होती. विजारीच्या काळ्या गुडघ्यांमुळे तो लोहाराच्या दुकानातून निघाल्यासारखा दिसत होता. तरी त्यानं हात हलवला.

तिला वाटलं होतं, आता जीव निवांत होईल. झाला नाही. उलट आता एक ठरूनच गेलं, की शनिवारी सहाला तो परत येताना दुकानापाशी थांबणार, चहा पिणार, कुठल्या मावशीनं काय केलं ते सांगणार. पाचपासून इशबेलचा एक कान रस्त्यावर. कुठलीही मोटरसायकल वाजली की मान वर. ऑगस्टमध्ये एका शनिवारी मिसेस मॅकफेलनी तिच्या हातातला किल्ट काढून घेतला, उजेडात धरला आणि काही न बोलता अख्खी नववी निरी उसवून टाकली. "टाके नाहीत गं हे," त्या म्हणाल्या, "उड्या आहेत. त्याला सांगून टाक, नाहीतर शनिवारी सुट्टी घे."

सांगायचं काय? तू मला आवडतोस हे सांगणं सोपं होतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि बंदरावरच्या मासेवाल्यालाही. अवघड होतं ते पुढचं: मला असं आयुष्य काढता येणार नाही. दर आठवड्याला खिडकीत उभं राहून एका आवाजाची वाट बघायची, हे एका उन्हाळ्यातच तिला पेलेनासं झालं होतं. आणि तो मोटरसायकल सोडणार नाही, सोडावी असंही तिला वाटत नव्हतं. तो वळणावरून येताना किती आनंदात असायचा ते तिनं पाहिलं होतं. मग उरत होतं एकच, आपणच खिडकीतून बाजूला व्हायचं. हा विचार आला की ती उठून चहाचं आधण ठेवायची.

आणि ऑगस्टच्याच शेवटच्या शनिवारी सहा वाजले, साडेसहा वाजले, आणि तो आला नाही.

सातला तिनं दुकानाचा दरवाजा उघडा टाकून रस्त्याच्या टोकापर्यंत चक्कर मारली. परत आली. लग्न डालमालीला होतं. तिथल्या हॉटेलात फोन केला, तर वाजवून चारलाच निघाला, असं उत्तर मिळालं. चारला निघालेला माणूस पाचला पोचतो. तिनं चहा केला, ओतून दिला, पुन्हा केला. मिसेस मॅकफेल घरी गेल्याच नाहीत, कोपऱ्यात नुसत्या बसून राहिल्या. इशबेल त्यांना सांगत होती, की पाऊस आहे ना, थांबला असेल कुठेतरी. पाऊस नव्हता. बाहेर लख्ख उजेड होता आणि समुद्रपक्षी कुणाच्या तरी बटाट्याच्या पुडीवरून भांडत होते.

आठला मेंढ्या नेणारी एक गाडी दुकानापुढे थांबली. मागे मेंढ्यांच्या जागी मोटरसायकल आडवी पडली होती, आणि पुढच्या दारातून डूगल उतरला. एक पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी. विजारीची डावी मांडी पांढरी पडली होती, वरचा थर पार उडालेला. नव्या निऱ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. वळणावर कुणीतरी खडी सांडून ठेवली होती, एवढंच झालं होतं. हातमोज्यांचे तळवे फाटले होते, तळहात शाबूत होते.

"बघ," तो म्हणाला आणि विजारीची उडालेली बाजू तिच्यापुढे केली, "तेरापर्यंत मोजलंस ना, मी वीसपर्यंत घसरलो. आत एक ओरखडा नाही. मेंढीवाला म्हणतो, या पोरीला सांग, मेंढ्यांनाही असंच शिवून..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण इशबेल रडायला लागली होती. आवाज न करता, उभ्या उभ्या. तो पुढे आला तशी ती एक पाऊल मागे सरली.

"मी आता वाट बघणार नाही," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही, डूगल. मला वाटलं होतं, कपडे नीट असले की होईल. नाही होत."

"म्हणजे... येऊ नको म्हणतेस?"

तिला काय म्हणायचं होतं ते तिलाच अजून कळलं नव्हतं. तिनं त्याचा ओढता पाय धड आहे ना तेवढं पाहिलं आणि आत जाऊन दार लोटलं. मिसेस मॅकफेलनी त्याला काचेतून हातानंच जा म्हणून सांगितलं, पण तितक्या रागानं नाही.

तो रविवार दोघांचाही वाईट गेला. इशबेल सकाळी टेकडीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पायाला भिंगरी लागल्यासारखी हिंडली. वाट बघणं नको, हे पक्कं होतं. तो नको, हे काही केल्या मनात उमटेना. दोन्ही एकत्र कसं धरायचं, याचा विचार करता करता दुसऱ्यांदा वर चढताना ती मधेच थांबली, आणि एकटीच मोठ्यानं म्हणाली, "अस्सं."

सोमवारी नऊ वाजता डूगल नवी विजार घ्यायला जीनच्या दुकानात शिरला. रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या दाढीवरून कळत होतं. आरशासमोर इशबेल उभी होती. अंगात काळं जाकीट, हातांत कोपरापर्यंतचे मोजे, पायांत जड बूट, आणि हेल्मेट काखेत.

"हे काय?"

"शनिवारी कुठं आहे लग्न?"

"टेनोल्टला... पण तू..."

"मी मागे बसणार. पडलास तर तिथं असेन. इथं खिडकीत बसून दर आवाजाला मरायचं, त्यापेक्षा ते बरं." तिनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. "तुला चालत असेल तर."

डूगलच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, सबंधच्या सबंध, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. तो पुढे झाला आणि त्यानं तिच्या जाकिटाचा खांदा चिमटीत धरला.

"हे सैल आहे."

"माझ्याच मापाचं आहे."

"सैल आहे. घसरलीस तर वर सरकेल, कंबर उघडी पडेल. जीन, याहून लहान दे." लहान आलं. ते त्याला पातळ वाटलं. त्यानं बाही उलटी करून शिवण ताणून पाहिली, नीट कशी पाहतात ते ठाऊक नसताना. मग पाठीच्या गादीवर बुक्की मारून बघितली, आणि एवढीशी गादी काय कामाची म्हणून जीनशी वाद घातला. बुटांच्या घोट्यांना हात लावून झाला. हातमोजे काढायला लावून पुन्हा घालायला लावले. मग त्याला आठवलं की टेनोल्टच्या रस्त्यावर ती जाळी आहे, आणि कॉनेलजवळ वारा आहे, आणि चार वाजता ट्रक असतात, आणि आपण उगाच वळणांवर जोरात जातो. तो बोलत गेला, बोलता बोलता त्याचा आवाज बसला, आणि तिच्या गळ्याशी चेन लावायला गेलेले त्याचे हात थरथरायला लागले. चेन काही लागेना.

मावश्यांपासून ट्रकपर्यंत सगळ्याला हसणारा हा माणूस घाबरलेला इशबेलनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं मोजा घातलेला हात त्याच्या हातांवर ठेवला.

"हे असं होतं मला," ती म्हणाली. "दर शनिवारी."

तो खाली मान घालून म्हणाला, "मला माहीत नव्हतं गं. कुणावर प्रेम केलं की इतकं भ्यायला होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

जीननं पाठ फिरवली आणि हिशेबाची वही उलटी धरून वाचायला घेतली. इशबेलनं त्याचे हात बाजूला केले नाहीत, नुसते धरून ठेवले, ते थांबेपर्यंत. मग त्यानं चेन हनुवटीपर्यंत नीट ओढली, कॉलर सारखी केली, आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकून म्हणाला, की शनिवारी दहाऐवजी नऊलाच निघू, सावकाश जाता येईल.